खिडकीसमोरचा खांब

वायरमनने शिडी नेमकी स्वयंपाकघरासमोरच्या खांबाला टेकवली, तेव्हा कॅप्टनच्या बायकोने हातातलं काम टाकलं. घर दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. शिडीवरचा माणूस आणि ओट्यापाशी उभी असलेली ती, दोघांमध्ये फक्त उघडी खिडकी. त्याच्या खांद्यावर कापडाची गुंडाळी होती आणि त्या गुंडाळीत तिचा नवरा होता.

फौजेत राहून आलेल्या प्रत्येकाचं पुरुषभर उंचीचं चित्र त्याच्या घरासमोरच्या दिव्याच्या खांबावर लावायचं, असं गावाने यंदा ठरवलं होतं. हयात असो वा नसो. सगळ्यांनी कल्पना उचलून धरली. दूधवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत जो तो तिला रस्त्यात थांबवून सांगत होता, आता कॅप्टन रोज तुमच्या डोळ्यांसमोर. ती मान डोलवत होती. दुसरं काय करणार? गावाला कॅप्टन माहीत होता तो रस्त्यावरचा. दाराच्या आतला कॅप्टन फक्त दोघींना ठाऊक, तिला आणि तिच्या लेकीला.

आणि लेक आज सकाळच्या गाडीने येत होती. शिकायला म्हणून बाहेर पडली, ती पुन्हा या घरात राहिली नव्हती. यंदा बाप गेला, तेव्हाही स्मशानातून परस्पर स्टँडवर गेली. आता ये, आता घरात कोणी नाही, असं आईने फोनवर सांगून सांगून ती कशीबशी तयार झाली होती.

आईने वायरमनला आधी सांगून पाहिलं की घरात उजेड येणार नाही. तो म्हणाला, जरा वर बांधतो. मग म्हणाली, वाऱ्याने फडफडेल, झोप लागणार नाही. तो म्हणाला, खालची दांडीही आवळून टाकतो, हूं का चूं होणार नाही. दुसरीकडे लावा म्हटल्यावर मात्र तो हसला. कॅप्टन स्वतःच्या दारात नाही तर कुठे शोभणार? खालून पालिकेचे साहेब घड्याळाकडे बघत घाई करत होते. नगराध्यक्ष चित्रं बघायला निघाले होते. खरं कारण तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं. जन्मभर झाकलेलं असं खिडकीतून कसं सांगायचं?

"त्यांनी मला पाठीवर घेऊन डोंगराखाली आणलं, वहिनी," वायरमन पक्कड चालवता चालवता म्हणाला. "स्वतःच्या दंडात गोळी असताना. आज मी या शिडीवर उभा आहे ना, तो त्यांच्यामुळे."

तिने हे त्याच्याकडून कितीदा तरी ऐकलं होतं आणि तिला ते शंभर टक्के पटत होतं. तीच तर अडचण होती. खोटं असतं तर तिने कधीच सगळं बोलून टाकलं असतं.

त्याने वरची दांडी अडकवली आणि गुंडाळी सोडली. कॅप्टन खिडकीत उतरला. आधी टोपी, मग कपाळ, मग डोळे. फोटोवाल्याने डोळे जास्तच जिवंत करून ठेवले होते. ती नकळत मागे सरली.

इतक्यात जिन्यात पावलं वाजली. लेकीच्या आधी तिचा आवाज घरात आला. गाडीत शेजारी बसलेल्या बाईने घोरत घोरत सगळा प्रवास तिच्या खांद्यावर कसा केला, ते ती हसत सांगत होती. आली तशी तिने खुर्ची फरफटत ओढली, धपकन बसली, पाय समोरच्या स्टुलावर टाकले आणि म्हणाली, "आई, आधी चहा टाक."

मग तिची नजर खिडकीकडे गेली.

पाय स्टुलावरून खाली आले. ती उठली. खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली आणि होती त्या जागी, अजिबात आवाज न करता ठेवली. कपाटाच्या आडोशाला जाऊन भिंतीला पाठ लावली, कोपरं अंगाशी घेतली, मान खाली घातली. केसांत पांढरं दिसू लागलेली बाई, स्वतःच्या ऑफिसात दहा जणांना कामाला लावणारी. आईला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तीही ओट्यापाशीच राहिली. लेक येणार म्हणून आधीच गॅसवर ठेवलेलं चहाचं भांडं वाजू नये म्हणून आपण त्यावर हात दाबून धरलाय, हे तिला हात भाजल्यावर कळलं.

खिडकीत वायरमन तारेचा तुकडा हातात धरून तसाच उभा होता. त्याने लेकीकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं, मग बराच वेळ चित्राकडे. तो फौजेत राहिलेला माणूस. घाबरलेलं माणूस कसं उभं राहतं, ते त्याला कोणी शिकवायला नको होतं. तो आता काय म्हणेल, याची आईला भीती वाटली. चार लोकांत अब्रू जाणार, हेच तिच्या मनात आलं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

खालून वर, हलक्या हाताने, एकही सुरकुती पडू न देता त्याने चित्र गुंडाळलं, दांडी काढली आणि शिडी उतरला.

आई खिडकीशी गेली. खाली साहेबांनी विचारलं, काय झालं.

"खांबात करंट उतरलाय."

साहेब म्हणाले, इतका वेळ तर त्यालाच मिठी मारून उभा होतास.

"आत्ता उतरला."

साहेब वैतागले. नगराध्यक्ष आता कोपऱ्यावर पोचतील, कॅप्टनचंच चित्र नाही म्हटल्यावर त्यांना काय सांगायचं? वायरमनने शिडी मिटली.

"चौकात लावतो. सगळ्यांत उंच लावतो, माझ्या हातांनी. तिथं कोणी राहत नाही."