छपराला न टेकणाऱ्या भिंती

सात कवेलू, एकावर एक रचलेले.

पंडरीतलं एक दार.

"मंजिरी, कूस बदलून राहिली काय? पाठ दुखते?"

फाल्गुनातले दोन अवकाळी पाऊस. दोनच.

ठक्. ठक्. ठक्.

ठकठक तुळशीरामची होती. वैशाखातल्या सकाळी तो तात्यापारा मोहल्ल्यातल्या त्या चार खोल्यांच्या छपरावर उकिडवा बसून एकेका वाशावर हातोडी मारत होता आणि कान लावून ऐकत होता. पावसाआधी नुसते छपरावरचे मातीचे कवेलू फेरायचे, की सगळं उतरवून स्लॅब टाकायचा, ते आज ठरणार होतं. लाकूड सडलं असेल तर स्लॅब, धड असेल तर फेरणी. "तुळशीराम म्हणेल तसं," गंगाधररावांनी सांगून टाकलं होतं. "त्याच्या बापानं चढवलं हे छप्पर."

त्यांची सून मंजिरी स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मळत कसली, दर ठोक्याला थांबत होती. सडका वासा बद्द वाजतो, एवढं तिला आता कळलं होतं. अजून एकही बद्द वाजला नव्हता.

तिला स्लॅब हवा होता. कुणी विचारलं असतं तर तिनं गळतीचं नाव सांगितलं असतं. पण ह्या घरात मधल्या भिंती माणसाच्या डोक्याहून हातभर वर जातात आणि थांबतात, छपराला टेकत नाहीत. वरून पाहिलं तर सगळं घर मिळून एकच खोली. अकरा वर्षं ती शिंकली की पलीकडून सासरे म्हणत, "अडुळसा घे." बांगडी वाजली की, "जागीच आहेस?" एकदा ती उशीत तोंड खुपसून रडली, अगदी बिनआवाजी, तर भिंतीच्या माथ्यावर बामाची बाटली येऊन बसली. माणूस वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

स्लॅब पडला की भिंती वर टेकणार होत्या.

"बाबा!" अंगणातून तिचा नवरा पराग ओरडला. फोन कानाला. "ठेकेदार पूछ रहा है, कल आदमी भेजूँ क्या. काय सांगू?"

"थांब ना बाप्पा! डॉक्टर छाती पाहून राहिला अन् तू लाकडं आणून राहिला."

ठकठक ओट्याच्या वर आली. छपराच्या भोकातून परातीत पडलेलं ऊन विझलं. भोकात तुळशीरामचं तोंड होतं.

"यहाँ सात खपरा निकले हैं, बाबूजी."

"माकडं," गंगाधरराव भिंतीपलीकडून म्हणाले. "होळीपासून उच्छाद आहे."

तुळशीरामनं बाजूला पाहिलं. सातही पालथे, एकावर एक. एकालाही तडा नाही. तो भोकाशी वाकला आणि त्या घरात जितकं हळू बोलता येतं तितकं हळू म्हणाला, "बेंदरा खपरा फोरथे, बहू. थप्पी नइ लगावय."

माकड फोडतं. रचून नाही ठेवत.

फोडायला तिचा हात धजला नव्हता. फाल्गुनात सासरे पुरानी बस्तीतल्या देवळात गेले होते त्या दुपारी ती शिडी लावून चढली, एकेक कवेलू उचलून नीट ठेवला, आणि वाशावर पाणी पडायची वाट पाहत बसली. दोनदाच पडलं.

"काय म्हणते तुळशीराम?"

मंजिरीनं वर पाहिलं. हात कणकेत रुतलेले. तुळशीरामही तिच्याकडे पाहत राहिला.

"कुछ नइ, बाबूजी. बेंदरा के काम आय."

"अन् लाकूड?"

ती अजून वरच पाहत होती. तुळशीरामनं मान फिरवली आणि वाशावर हातोडी मारली. वासा घंटेसारखा वाजला.

"सरई की पक्की लकड़ी है, बाबूजी. आपके नाती भी इसी के नीचे सोएँगे."

"मग झालं! फेरणीच करू. पराग, त्या ठेकेदाराले नाही म्हण."

"हव," परागनं अंगणातून म्हटलं, आणि मग फोनमध्ये, "नहीं भैया, रहने दो."

तुळशीरामनं पहिला कवेलू जागेवर बसवला. परातीतलं ऊन काठाकडे सरकलं. दुसरा. तिसरा. सातव्याला परात काळी झाली.

मंजिरीनं कणीक पुन्हा मळायला घेतली. सासऱ्यांची खाट करकरली नाही, पेपरचं पानही उलटलं नाही. मग भिंतीवरून, नेहमीच्याच मायेनं, आवाज आला.

"मंजिरी, मनाले लावून नको घेऊ. मले काही ऐकू नाही आलं."

माघात, पंडरीला मैत्रिणीच्या नव्या स्लॅबच्या घरी हळदीकुंकवाला गेली असताना, मंजिरीनं एका खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं आणि पंधरा मिनिटं मोठमोठ्यानं श्वास घेतला होता.