दुसऱ्यांदा वाढलेलं ताट

"ह्यांना काही विचारू नका, ह्यांच्या लक्षात राहत नाही," आजी म्हणाल्या आणि आजोबांची खुर्ची टेबलाजवळ ओढली. "काय ते मला विचारा."

पोषण-तपासणीला आलेल्या नर्सने मान डोलावली. सत्तरी ओलांडलेल्यांचं वजन करायचं, टेपने पोटरीचा घेर मोजायचा, सहा प्रश्न विचारून गुण मांडायचे. सकाळपासूनचं हे सातवं घर, आणि तिची कंबर आता बोलायला लागली होती.

"तीन महिन्यांत भूक कमी झालीय का?"

"कमी? जेवून हात वाळत नाही तोवर परत ताटावर हजर. वाढते मग. विसराळू माणसाशी वाद कोण घालणार?"

आजोबा ओशाळं हसले. "विसरतो खरा."

त्यांचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं. फळीवरच्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: मीठ, साखर. गॅसच्या वर थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, 'आधी बंद कर'. ही बाई नवऱ्याला किती जपते, असं वाटून नर्सला भरून आलं.

"चहा टाकते हं," आजी म्हणाल्या.

मघाशी दिलेला कप नर्सच्या पुढ्यात अजून वाफाळत होता. "आता पुरे. नाहीतर माझंच वजन करावं लागेल. या बघू, आता तुमची पाळी."

आजी काट्यावर चढल्या. पदर सावरायला हात उचलला, तसं मनगटावरचं घड्याळ घसरून कोपरापाशी गेलं. काटा छत्तीसवर थांबला. नर्सने त्यांना खाली उतरवून पुन्हा उभं केलं. छत्तीसच.

"आजी, आज जेवलात?"

"हो तर. ह्यांच्या आधीच."

सिंकमध्ये उष्टं ताट एकच होतं.

आजी पुन्हा चहा टाकायला वळल्या, तशी नर्स आजोबांकडे सरकली. तिला राग लपवता आला नाही. "आजोबा, तुम्ही दोनदा जेवता आणि त्या उपाशी राहतात. कळतंय का तुम्हाला?"

आजोबांनी ओट्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"मी मागत नाही हो. तीच स्वतःचं ताट घेऊन येते. म्हणते, तुम्ही जेवलाच नाहीत. तू जेव म्हटलं तर म्हणते, मी मघाच जेवले. ताट परत सारलं की रडत बसते."

नर्सचं पेन हातातच राहिलं. "डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. त्यांनी तिच्यासमोरच आजाराचं नाव घेतलं. दोन दिवस डोळ्यांचं पाणी खळलं नाही तिच्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा कागद हातात धरून माझ्याकडे आली. म्हणाली, अहो, हा आजार कुणाला झालाय?"

ओट्यावर कप वाजले. आजोबांनी घाईने डोळे पुसले.

"मी म्हटलं, मला."