पुढची पट्टी

नवा, मोठा रेडिएटर काही केल्या बसेना. मिस्त्रीने तो तिरका धरून पाहिला, खालून सरकवून पाहिला, शेवटी उचलून बाकावर ठेवला आणि कपाळ पुसलं.

"चार बोटं उंच आहे, डॉक्टर. पुढची पट्टी आडवी येते. ती कापल्याशिवाय हा आत जायचा नाही."

ती बॉनेटखाली डोकं घालून उभी होती. जनावरांची डॉक्टर होती ती. गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायला कचरायची नाही, पण या गाडीला हात लावताना जपून लावायची. "पट्टी नको, काका," ती म्हणाली. "आईने बजावलंय. आत काय वाटेल ते बदला, पण पत्रा कापायचा नाही."

गाडी तिच्या वडिलांची. मूळची लहानखुरी, पण वडिलांनी हौसेने तिच्यात एका व्हॅनचं दणकट इंजिन बसवलं होतं. तेव्हा पाना धरायला हाच मिस्त्री शेजारी होता. इंजिन मोठं झालं, रेडिएटर मात्र होता तेवढाच राहिला. गावातल्या सपाट रस्त्यांवर त्याने निभावून नेलं. आता वडील नव्हते, आणि मुलीची नेमणूक डोंगरातल्या दवाखान्यात झाली होती. वरच्या वस्त्यांवर जनावर आजारी पडलं तर बघायला कुणीच नव्हतं, म्हणून तिने ती जागा मागून घेतली होती. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

"मग दुसरी गाडी बघा ना एखादी."

"हिचा प्रत्येक आवाज मला कळतो, काका. वर आडरस्त्याला काही झालं, तर दुसरीचं मला काय कळणार?"

मिस्त्रीने मान डोलावली. जुन्याच रेडिएटरमध्ये जास्त जाड जाळी भरून घेऊ, म्हणाला. तेवढीच एक वाट उरली होती.

जाळी भरून झाली, तशी दोघं गावाबाहेरच्या चढावर गेली. वाटेतल्या पाण्याच्या टाकीपर्यंतही पोचली नाहीत. तापमानाचा काटा भराभर वर गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसायला लागली. गाडी कडेला घेऊन दोघं दगडावर बसून राहिली.

"चहाचं आधण ठेवावं, एवढी तापलीय," मिस्त्री म्हणाला. ती हसली नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा आई शिलाई मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी शर्टाची कॉलर चालली होती.

"चढली का?" मान वर न करता आईने विचारलं.

"नाही."

आईचा पाय पुन्हा सुरू झाला. मशीन जरा जास्तच वेगाने धावलं.

"आई, ती पट्टी..."

"तो विषय नको."

तिने वाद घातला नाही. वडील गेल्यापासून आई रोज सकाळी ती गाडी पुसायची, आतली आसनंसुद्धा. अशा माणसाला कापू का म्हणून तरी कितीदा विचारायचं? ती थोडा वेळ कपाटाला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "कळवून टाकते त्यांना. येत नाही म्हणून. इथेच बघेन काहीतरी."

मशीन थांबलं. आईने दाताने दोरा तोडला. "जेवून घे," एवढंच म्हणाली.

जेवण झाल्यावर मुलीने भरून ठेवलेली बॅग उघडली. लांब हातमोजे, वासरू ओढायची दोरी, मोठी सिरिंज, एकेक वस्तू पुसून ती परत कपाटात ठेवत होती. आई दारात येऊन उभी राहिली. बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी मिस्त्रीला नाही म्हणून सांगायला गॅरेजात गेली. तिच्या मागोमाग आई आली. गळ्यात टेप तशीच होती.

"वहिनी, तुम्ही?" मिस्त्री उठून उभा राहिला.

आईने आधी बाकावरचा नवा रेडिएटर मापला, मग गाडीच्या पुढची जागा. मुठीतला खडू काढून पट्टीवर सरळ रेघ मारली.

"इथून कापा. रेघेच्या थोडं आतच राहा. जास्त गेलं तर जोडता येत नाही."

"आई, अगं..."

"बाजूला हो. ठिणग्या उडतील."

ग्राइंडर किंचाळला. मुलगी आईकडे बघत होती आणि आई पट्टीकडे. तुकडा खाली पडला तेव्हा आईने एकदा डोळे मिटले, बस. मिस्त्रीने मागच्या बाजूने नवी पट्टी वेल्ड केली. रेडिएटर खण सरकावा तसा अलगद आत गेला. पाइप जोडले, पंखा लावला, पाणी भरलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत तिघं रेडिएटरच्या तोंडाकडे वाकून बघत बसली.

दुपारी मायलेकी चढावर निघाल्या. आई पुढच्या आसनावर, पदर खोचून बसली होती. तिची नजर काट्यावर होती. कालचा दगड मागे पडला. टाकी मागे पडली. रस्ता आणखी उभा झाला, इंजिनाचा आवाज भरला, पण काटा मधोमध होता तिथून हलला नाही. माथ्यावर आल्यावर समोर डोंगरांच्या रांगा उघडल्या.

मुलीने गाडी थांबवून स्टिअरिंगवर थाप मारली. "बघितलंस? चढली! आणि तुला वाटत होतं, चढणार नाही."

आई काचेतून पलीकडच्या डोंगरांकडे बघत होती.

"चढणार हे मला ठाऊक होतं गं," ती म्हणाली. "म्हणून तर कापू देत नव्हते."