मुलीला समक्ष आणा

कपडे शिवून घर चालवणाऱ्या आईच्या मोबाइलवर सरकारी मेसेज आला: ‘आपली मुलगी शाळेत येत नाही. नोंद दुरुस्त न केल्यास तिचं नाव कमी होईल.’ आईला हसावं की रडावं कळेना. तिची बारकी म्हणजे अंगात ताप असला तरी दप्तर पाठीला लावणारी, वर्षभरात एक दिवस शाळा बुडवली असेल तर शपथ. वर्गाच्या बाई म्हणाल्या, “माझ्या हजेरीपटावर ती रोज आहे हो. पण सरकारी यादीला हात लावायची मला परवानगी नाही.”

आई शिक्षण खात्याच्या कचेरीत गेली. “निदान कुठल्या तारखांना गैरहजेरी लावलीय ते तरी दाखवा.”

कारकुनाने स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली. “मुलांची माहिती गोपनीय असते, बाई. मुलीला समक्ष आणा. कामाच्या दिवशी, अकरा ते चार.”

दुसऱ्या दिवशी बारकीला घेऊन गेली, तर साहेब मीटिंगला. तिसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. चौथ्या दिवशी बारकीचा अंगठा मशीनला पटेना. असे दोन आठवडे मायलेकींनी कचेरीचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे साहेब खुर्चीत सापडले. त्यांनी शाळेतून ताजा हजेरीपट मागवला, यादीशी ओळ न् ओळ ताडून पाहिला आणि चष्म्यावरून आईकडे रोखून बघितलं.


“उगाच आमच्या कॉम्प्युटरवर आळ घेता. दोन आठवडे मुलगी शाळेत फिरकलेलीसुद्धा नाही.”