आठ सेकंद

काकूंचं बोट ‘कात्री’ या शब्दापासून तसूभर लांब होतं, तेवढ्यात पडद्यावरचं चित्र बदललं. कात्री गेली, छत्री आली. खालचे चार शब्दही बदलले. निघालेलं बोट थांबलं नाही. जिथे ‘कात्री’ होती तिथे आता ‘घोडा’ होता, त्याच्यावर जाऊन टेकलं. कोपऱ्यात लाल फुली उमटली.

मागच्या खुर्चीवरचा प्रोग्रामर पुढे सरकला. हा प्रोग्राम त्याचाच. पक्षाघाताने वाचा गेलेल्या पेशंटना शब्द कितपत समजतात, ते तपासणारा. चित्र बघायचं, योग्य शब्दावर बोट ठेवायचं. आज तो नुसता नवा प्रिंटर जोडायला आला होता. एरवी पेशंटजवळ कोणी बसायचं नाही, असा नियम होता. उगाच कोणी खुणावून सांगायला नको. तो नियमही त्यानेच सुचवलेला.

पुढचं चित्र किल्लीचं. काकूंचा उजवा हात मांडीवर निपचित होता. डावा उठला, थरथरत ‘किल्ली’च्या दिशेने निघाला, आणि चित्र बदललं. पुन्हा फुली. तीस चित्रं संपेपर्यंत तो बघत राहिला. बोट दर वेळी उशिरा पोचत होतं. भलत्या दिशेला मात्र ते जवळपास कधी निघालंच नव्हतं.

काकूंच्या थेरपिस्टने त्याला दोनदा कळवलं होतं, वेळ कमी पडत नाही ना, बघाल का. टायमर आठ सेकंदांचा होता. त्याने स्वतः बसून मोजलं होतं. त्याला दोन सेकंद लागले, त्याच्या चौपट दिले. ‘आठ सेकंद रग्गड झाले,’ असं उत्तर त्याने धाडलं होतं. धाडण्याआधी ऑफिसात वाचून दाखवून हशाही मिळवला होता.

त्याचे कान तापले. त्याने लॅपटॉप उघडला. टायमर सुरू करणारी एकच ओळ होती. ती काढली, प्रोग्राम पुन्हा चढवला. पाच मिनिटांचं काम.

“काकू, परत एकदा कराल? आता घाई नाही.”

पहिल्या शब्दाला एकोणीस सेकंद लागले. तीसपैकी अठ्ठावीस बरोबर आले.

नवा निकाल बघून थेरपिस्टने बाहेर बसलेल्या काकांना आत बोलावलं. त्यांच्या हातात आठ महिन्यांच्या रिपोर्टांची फाइल होती. प्रत्येक पानावर तेच छापलेलं: शब्दांचे आकलन नाही.

“चूक माझी आहे, काका,” प्रोग्रामर उभा राहून म्हणाला. मान वर होत नव्हती. “काकूंना सगळं समजतं. पहिल्यापासून समजत असणार. माझा प्रोग्रामच त्यांच्यासाठी थांबत नव्हता.”

काकांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पण ते त्याच्याकडे बघतही नव्हते. ते बायकोकडे बघत होते, आणि ती त्यांच्याकडे.

“काल जेवताना,” ते तिला म्हणाले, “तुझ्यासमोरच ठरवलं ना गं आम्ही, तुला कुठे नेऊन ठेवायचं ते.”