मिटलेले हात

आमच्या खाणीतल्या दगडात समुद्रकमळं निघतात. लांब देठ आणि वर बोटांचा झुबका. "फूल नव्हे रे हे, जनावर आहे," असं बारक्याला मीच शिकवलं होतं. "समुद्राच्या तळाला उभं राहायचं आणि हात पसरून खायचं. आपल्या मरणानं मेलं तर मणी मणी होऊन विखुरतं. अख्खं सापडलं म्हणजे जिवंत गाडलं गेलं. हात पसरलेले असले तर जागच्या जागी खलास. तोंडावर मिटलेले असले तर समज, आत बराच वेळ जीव होता." नाव बारक्या, अंगानं रेडा, आणि पोटात काही राहायचं नाही. ऐकलेलं सगळं घरी जाऊन बायकोला सांगायचा.

त्याच बारक्यावर खाणीतली दरड आली. दोन तास खणलं. मग वरचा कडाही हलायला लागला, तेव्हा मुकादम म्हणून मीच काम थांबवलं. म्हटलं, "जागीच गेला असणार तो. आणखी चार जीव घालवू नका." दुसऱ्या दिवशी काढला त्याला.

वहिनी चादरीपाशी बसली होती. मी म्हटलं, "त्याला कळलंसुद्धा नाही हो वहिनी. डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला."

तिनं चादर बाजूला केली. दोन्ही पंजे तोंडावर, ओंजळीसारखे घट्ट मिटलेले.

"भावजी, दगड वाचायला यांना तुम्हीच शिकवलंत ना?" ती म्हणाली. "मग वाचा. किती वेळ?"