पट्ट्याचा गुण

बायकांच्या ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर इंजिनिअरबाईने बनवलेला, सेलवर चालणारा पट्टा चाचणीसाठी या घरी दिला होता. गुण आला का, हे विचारायला ती आज आली, तर पेशंटला तोंड उघडायची सोय नाही. नवराच सोफ्यावर पसरून बोलत होता.

"मॅडम, झकास मशीन. हिचं कण्हणं पार बंद. आता शांत झोप लागते मला."

'मला' ऐकून इंजिनिअरबाईला शिसारी आली. तो टीव्हीचा आवाज वाढवत बसला, तसा तिने पट्टा उघडला. आत सेलच नव्हते.

"ह्यांच्या रिमोटला घातलेत, पहिल्याच दिवशी," बायको हळूच म्हणाली.

"मग कण्हणं कसं थांबलं?"

 

"कण्हले की हे म्हणतात, मशीन लावलंय ना, मग आता कसली नाटकं?"